घरी म्हैस आहे का?

"घरी म्हैस आहे का?"

नोकरीसाठी म्हणून मला विचारलेला आयुष्यातला पहिला प्रश्न हा. बी.एस्सी.ची मार्कलिस्ट लॅमिनेट करून, केसांना तेल चोपडून, मी नाणे मावळातून लोणावळ्याला आले होते. मुंबईत तीस वर्षं कॅन्सरवर संशोधन करून रिटायर झालेल्या मोठ्या बाई, त्या आपल्याला हाताखाली घेतील का, या काळजीने जेवण गेलं नव्हतं. पेशीची रचना घोकून ठेवली होती. आणि बाई विचारतायत म्हैस!

"आहेत. दोन," म्हटलं.

"धार कोण काढतं?"

"सकाळची मी, संध्याकाळची आई. कधी उलट."

"आणि रविवारी?"

मला वाटलं, शहरातल्या बाई आहेत, यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. म्हटलं, "म्हशीला कसला आलाय रविवार?"

"उद्यापासून ये," त्या म्हणाल्या. मार्कलिस्ट पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नाही. लॅमिनेशन फुकट गेलं, आता बोला.

त्यांच्या प्रश्नाचा अर्थ पुढे आठवडाभरात कळला. कॅन्सरच्या पेशी चपट्या प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये, गुलाबी पाण्यात वाढवायच्या. ते पाणी म्हणजे त्यांचं खाणं. दर दोन-तीन दिवसांनी जुनं काढायचं, नवं घालायचं, आणि माणसाच्या अंगाइतक्या उबेत पेटीत ठेवायचं. त्या दिवशी दांडी मारली की पेशी मेल्याच. गणपती असो, लग्न असो, कुणाचं दहावं असो. बाईंचा अनुभव असा, की नव्वद टक्केवाली मुलं पहिल्या जोडसुट्टीला महाबळेश्वरला जातात. ज्यांच्या दावणीला जनावर आहे ती जात नाहीत. पेशींना खाणं घालण्याला त्या 'चारा' म्हणायच्या आणि आम्हीही म्हणायला लागलो.

एकच मुलगा त्यांनी जनावराशिवाय घेतला. देहूरोडचा होता, वडील डेपोत नोकरीला.

"म्हैस?"

"नाही मॅडम."

"बकरी? कोंबडी? कुत्रं तरी?"

"फिश टँक होता. मासे मेले सगळे."

"बरं. ये तू," म्हणजे जा. तो दारापर्यंत गेला तेव्हा त्यांनी हाक मारली. "किती मेले?"

"सतरा. दोन बुधवारी, बाकीचे शनिवारपर्यंत."

"मोजलेस?" बाई उठून उभ्याच राहिल्या. "लिहून ठेवलंस? अरे, मग जातोस कुठे!"

बाईंना नावं लक्षात राहत नसत. पेशींच्या पन्नास जातींचे आकडे पाठ, पण समोरच्या पोराचं नाव विचाराल तर शपथ. त्यांनी त्यावर उपाय काढला होता, गावाच्या नावाने हाक मारायची. तो देहूरोड झाला आणि मी नाणे. "नाणे, बाटल्या आण." "देहूरोड, तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात आहे." पहिल्यांदा राग आला. नंतर घरून आईने खऱ्या नावाने हाक मारली की मीच दचकायला लागले. आम्ही त्यांना मॅडम म्हटलेलं खपायचं नाही. "मॅडम म्हटलं की दुकानात उभी असल्यासारखं वाटतं. बाई म्हण."

दिसायला म्हणाल तर काटकुळ्या, पांढरे केस मानेवर कापलेले, सुती साडी आणि पायात पुरुषी बूट. वरून पांढरा कोट. कोटाच्या डाव्या खिशात मार्कर, उजव्यात भाजलेले शेंगदाणे. प्रयोगशाळेत खायचं नाही हा नियम त्यांचाच. आणि भूक तर दर तासाला. म्हणून एक पाय उंबऱ्याच्या बाहेर ठेवून त्या शेंगदाणे खायच्या. दुसरा पाय आत, लक्षही आत. कॉलेजच्या मागच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या होत्या, आधी तिथे गॅदरिंगचे पडदे आणि मोडक्या खुर्च्या असायच्या. खंडाळ्याहून त्या सकाळी सातला यायच्या, रिक्षाच्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसून. मागे बसलं की मळमळतं म्हणे.

त्यांचा आणखी एक विचित्रपणा होता. त्या खोल्यांत कुठलीही वस्तू त्यांना दाखवल्याशिवाय धुवायची नाही. बाटली, काचपट्टी, पेशी वाढवायची ताटली, काहीही. प्रयोग फसलेला असो, बुरशी लागलेली असो, आधी बाईंच्या डोळ्यांखालून गेली पाहिजे. एकदा मी बाहेर प्यायलेल्या चहाचे कप विसळायला नेले तर मागून आवाज आला, "धुण्याआधी दाखवलेस का?" मी कप दाखवले. त्यांनी खरंच आत वाकून पाहिलं आणि "जा" म्हणाल्या. आम्ही पोरं नळावर जाऊन पोट धरून हसलो. म्हातारपण म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

आणि ती लाल वही. चुकांची वही. ज्याच्या हातून चूक होईल त्याने तिच्यात स्वतःच्या अक्षरात लिहायची, आणि दुसऱ्या कुणीतरी खाली साक्षीदार म्हणून सही करायची. खाडाखोड बंद. शब्द चुकला तर त्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वहीचं पहिलं पान कोरं होतं. सुरुवात दुसऱ्या पानापासून. मी आपली घरच्या वळणाप्रमाणे, कोऱ्या पानावर 'श्री' लिहायला पेन टेकवत होते तर बाई अशा ओरडल्या की पेन हातातून पडलं. "ते पान सोडायचं!" असेल देवाचं, म्हणून मी सोडलं.

नाही म्हणायला बाईंना माणसंही लागायची. लोणावळ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या. छातीतली गाठ वर्षभर लपवून ठेवलेली. कुणीतरी सांगितलं, कॉलेजात कॅन्सरच्या डॉक्टरीण आहेत, म्हणून रिपोर्ट पदरात गुंडाळून आल्या. बाई म्हणाल्या, "मी पेशींची डॉक्टर, माणसांची नव्हे." मग शिव्या घातल्या, मग स्वतः त्यांना घेऊन दवाखान्यात गेल्या, एकदा नाही, आठ वेळा. मावशींना एकदा सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या. मावशींनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"एवढ्याशा हायेत व्हय? आन् एवढा माज?"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. तेव्हापासून मावशी गुरुवारी बाजार आटपला की येऊन बसायच्या, उरलेली मेथी देऊन जायच्या.

आमच्याकडे दोन जातींच्या पेशी होत्या. पहिल्या, औषध घातलं की मुकाट्याने मरणाऱ्या. त्यांना बाई 'गरीब' म्हणायच्या. दुसऱ्या 'हट्टी', औषधाला भीकच न घालणाऱ्या. गरीब पेशींनाच दीड वर्ष थोडं थोडं औषध पाजून बाईंनी हट्टी केल्या होत्या. दोघी दिसायला अगदी सारख्या, सख्ख्या जुळ्या बहिणी. ओळख फक्त बाटलीवरच्या अक्षराची, 'ह' आणि 'ग'. हट्टी पेशींना मारणारं काही सापडतं का, एवढाच बाईंचा शेवटचा ध्यास होता. मावशींचं औषधही वर्षाने चालेनासं झालं होतं. म्हणजे त्यांच्या अंगातल्याही पेशी हट्टी झाल्या होत्या.

पेशींचा थोडा साठा गोठवून ठेवावा लागतो, पार बर्फाच्याही पलीकडच्या थंडीत. तसली सोय आमच्याकडे कुठली? बाईंनी शोधून काढलं, वडगावला गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणारे एक भाऊ आहेत, त्यांच्याकडे रेताच्या कांड्या ठेवायला द्रव नायट्रोजनची टाकी असते. झालं! कॅन्सरच्या पेशी मावळातल्या नामी रेड्यांच्या शेजारी राहायला गेल्या. आमच्या नळ्यांना लाल दोरा बांधलेला असायचा. एकदा भाऊंचा फोन आला.

"बाई, आज लय घोटाळा झाला असता. गोठ्यात उभा ऱ्हायलो, टाकीतनं काढली, तर हातात तुमची लाल दोऱ्याची. मालक म्हनतोय, ही कुठल्या रेड्याची? म्या म्हनलं, ही मुंबईची हाय बाबा, ही आपल्या म्हशीला न्हाई सोसायची."

आता माझ्या चुकीचं सांगते. त्या जुलैत घाटात झाडं पडून तारा तुटल्या आणि लोणावळ्याची वीज गेली. इन्व्हर्टरने दुपारी मान टाकली. उबेची पेटी गार पडायला लागली. बाईंनी बाटल्यांची बुचं घट्ट केली आणि प्रत्येकाला दोन दोन वाटल्या. "पोटाशी बांधा आणि घरी जा. कोंबडी अंड्यावर बसते तसं. वीज आली की या." माझ्या वाट्याला एक 'ह' आणि एक 'ग'. ओढणीत गुंडाळून कमरेला बांधल्या आणि कामशेतला उतरून जीपने घर गाठलं.

घरी पोचले तर आईचा हात दुखत होता, धार मलाच काढायची होती. पोटाला बाटल्या बांधून म्हशीखाली बसता येईना. म्हणून त्या आईच्या ओच्यात दिल्या. "गरम ठेव, हलवू नको," सांगितलं. धार काढून आले तर आई मोठ्या मायेने म्हणाली, "लय मळल्या व्हत्या गं, शाई लागल्याली. ओल्या फडक्यानं सोच्छ पुसून ठिवल्या बग."

काचेसारख्या लख्ख. दोन्ही.

आईची काय चूक? दुधाचं भांडं पुसल्याशिवाय आमच्याकडे आत जात नाही. पण बाईंना सांगितलं तर दोन्ही बाटल्या टाकून द्याव्या लागणार, भाऊंकडच्या साठ्यातून पुन्हा सुरुवात म्हणजे महिना जाणार, आणि तो माझ्या घरात वाया गेला असं होणार. मग मी स्वतःची समजूत घातली, की डावीकडची 'ह' होती. होती का? देव जाणे. मार्करने 'ह' लिहिलं आणि दुसरीवर 'ग'. दोन दिवसांनी परत आले तेव्हा इतरांच्या बाटल्यांतल्या हट्टी पेशी थंडीने गेल्या होत्या. जगली होती ती माझी 'ह'. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या आठवड्यात माझ्या 'ग'ला बुरशी लागून ती फेकावी लागली, म्हणजे ताडून बघायलाही काही उरलं नाही.

त्या 'ह'मधूनच पुढचा प्रयोग झाला. नवं औषध घातलं आणि हट्टी पेशी पटापट मेल्या. तीनदा केलं, तीनदा मेल्या. बाई नुसत्या खोलीत फेऱ्या मारत होत्या. मग कोटाच्या खिशातले सगळे शेंगदाणे आम्हाला वाटून टाकले. लेख लिहून पाठवला, त्यात माझं नाव. त्याच कामाच्या जोरावर मला बंगळूरहून पीएच.डी.च्या मुलाखतीचं बोलावणं आलं. आमच्या गावातून कुणी पोरगी तिथवर गेली नव्हती. वडिलांनी पेढे वाटले.

माझं मात्र एकच चाललेलं. रोज ठरवायचं, आज सांगू. रोज वाटायचं, कुणाला कळणार आहे? आणि डावीकडची असेलही 'ह'.

मग एका गुरुवारी लोणावळ्याच्या फलाटावर मावशी भेटल्या. पाटी रिकामी, चेहरा ओढलेला. माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, तुमचं औशिद निगालं म्हनं! त्यो देहूरोडचा पोरगा सांगत व्हता. मंग मला कवा देनार? मी थांबते की, तेवढं थांबंन."

लोकल आली आणि गेली. मी चढले नाही. तशीच मागे फिरून कॉलेजला गेले आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. ओचा, फडकं, मार्कर, सगळं.

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. मग म्हणाल्या, "वही आण."

मी लिहिलं, 'आईने बाटल्या पुसल्या.' बाईंनी वाचलं. "त्यावर रेघ मार. आईने पुसल्या ही चूक नाही. तू अंदाजाने नाव घातलंस, ही चूक." मी रेघ मारली, नीट लिहिलं. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने जोड दिली, 'पेशी खरंच हट्टी आहेत का, हे जुनं औषध घालून आधी तपासायला हवं होतं. मी आनंदात विसरले.' आणि सही केली. मग भाऊंना फोन. लाल दोऱ्याच्या नळ्या काढा. लेख त्यांनी त्याच संध्याकाळी परत मागवला.

गोठवलेल्या पेशी जाग्या करून, वाढवून, सगळं पहिल्यापासून करायला सहा आठवडे लागणार होते. माझी मुलाखत दहा दिवसांवर.

"बाई, मुलाखतीत काय सांगू?"

"वहीत आहे ते."

सांगितलं मी. चार मोठी माणसं टेबलापलीकडे, एकजण म्हणाले, "तुमचा निकाल फार सुंदर आहे." मी म्हटलं, "तो खरा आहे की नाही, मला माहीत नाही," आणि कारण सांगितलं. ते सौजन्याने वागले. चहा दिला. महिन्याभराने नकाराचं पत्र आलं. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात प्रयोग संपला. खऱ्या हट्टी पेशी नव्या औषधात मजेत होत्या, टम्म. एकही मेली नव्हती. मावशींना बाईंनी स्वतः बाजारात जाऊन, भाजीच्या पाटीशेजारी बसून सांगितलं. मावशी त्या दिवाळीनंतर गेल्या.

प्रयोग संपला त्या दिवशी आकडे हातात घेऊन मी बाईंसमोर उभी राहिले आणि माझं डोकं फिरलं. त्या उंबऱ्यात एक पाय बाहेर ठेवून शेंगदाणे खात होत्या. ते बघून आणखीच भडकले.

"तुमचं काय गेलं बाई? तुमचं नाव झालंय, पेन्शन आहे, खंडाळ्याला घर आहे. आमच्यासारखीला एकच दार उघडतं, तेही मी माझ्या हाताने लावून आले. खरं बोलायचं, खरं बोलायचं! पोटावर पाय आलेला असताना तुम्ही कधी खरं बोललायत का? आधी ते सांगा!"

असं मी बोलले. माझ्या आईच्या वयाहून मोठ्या बाईला. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

बाईंच्या हातात एक शेंगदाणा होता. तो त्यांनी खिशात परत टाकला. बाहेरचा पाय आत घेतला, बूट पायपुसण्यावर पुसले. कपाटातून लाल वही काढली आणि खुर्चीत बसून पहिलं पान उघडलं. ते कोरं पान.

लिहायला त्यांना वेळ लागला. पेन दोनदा झटकलं. मग वही माझ्याकडे फिरवली.

'वय अठ्ठावीस. बारा ताटल्या होत्या. नऊ माझ्या म्हणण्यासारख्या निघाल्या, तीन उलट. त्या तीन मी कुणाला न दाखवता धुऊन टाकल्या आणि लेखात नऊच होत्या असं लिहिलं. त्या लेखावर मला मुंबईची नोकरी लागली. खरं बोलले नाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.'

मी दोनदा वाचलं. नळावर पोट धरून हसलेलं आठवलं आणि मान वर करता येईना.

"त्याने पुढे कुणाचं काही बिघडलं का, बाई?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर. त्या तीन ताटल्यांत काय होतं, हे कधीच कळणार नाही. तुझी चूक सहा आठवड्यांत निस्तरली. माझी राहिली." मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी परत फिरलीस. मी फिरले नव्हते. तुझी जागा गेली, त्याचं मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. पण तू माझ्यापेक्षा बरी निघालीस, हे कुणीतरी तुला सांगायला हवं होतं."

मी रडले. त्या रडल्या नाहीत, पण चष्मा पुसत राहिल्या.

पुढच्या वर्षी मला पुण्यात जागा मिळाली. आजही मी पेशीच सांभाळते. बाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांची लाल वही माझ्या कपाटात आहे, आणि माझ्याकडची पोरं मला दाखवल्याशिवाय कप विसळत नाहीत. मागे हसतात, मला माहीत आहे.

पण त्या दिवसाचं राहिलंच. बाईंनी पेन माझ्या हातात दिलं. "साक्षीदार लागतो. इथे."

मी 'नाणे' लिहायला गेले.

"असं नाही. पूर्ण नाव. साक्षीदाराचं पूर्ण नाव लागतं."

मी माझं, वडिलांचं आणि आडनाव, सगळं लिहिलं. बाईंनी वही जवळ घेतली आणि एकेक अक्षर लावत वाचलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"चांगलं नाव आहे की गं," त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही." वही मिटून त्यांनी कपाटात ठेवली आणि कोटाची बाही वर केली. "चल नाणे, चारा घालायचा राहिलाय."